भाकरी पाहून मागवा : सोलापुरात छोट्या मेक्सिकन हॉटेलात जेवताना

ज्वारीची भाकरी कशी जमली आहे हे सोलापूरकराला तिला नुसता हात लावून कळतं. पापुद्रा सुटला का, कडा चिरल्या का, पिठाला उकळतं पाणी पुरेसं लागलं का, हे सांगावं लागत नाही. मेक्सिकन हॉटेलात जाताना नेमकी हीच नजर सोबत न्यायची असते. पण काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेली अनोळखी नावं, पिवळे दिवे आणि भिंतीवरचा निवडुंग पाहिला की माणूस गांगरतो आणि सरळ नाचोज, म्हणजे चीज घातलेले मक्याचे चिप्स, मागवून मोकळा होतो.

इथं जे सांगतो आहोत ते छोट्या हॉटेलांसाठी. पाच-सहा टेबलं, वीस-पंचवीस खुर्च्या, एक मोठा तवा आणि आत दोन-तीन माणसं. अशा ठिकाणी काय मागवलं याच्याइतकंच कोणत्या क्रमानं आणि एका वेळी किती मागवलं, यावर जेवण ठरतं. सगळा डोलारा मक्याच्या छोट्या पोळीवर, म्हणजे टॉर्टियावर उभा असतो, आणि ती पोळी टेबलावर आल्यापासून फार तर पाच मिनिटं चांगली राहते.

जाण्याआधी एक फोन

दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा. त्या वेळी आत घाई नसते आणि उत्तर देणारा बहुधा मालक किंवा आचारीच असतो. टेबल राखून ठेवायला सांगताना तीन गोष्टी विचारून घ्या.

"टॉर्टिया इथंच करता की पाकिटातले?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "मक्याचे आहेत की मैद्याचे?" आणि तिसरा, "आज ॲव्होकॅडो पिकलेला आहे का?" तिसरा प्रश्न चोंबडेपणाचा वाटेल, पण हे फळ आपल्याकडं बाहेरून येतं, बहुतेकदा कच्चंच येतं, पिकायला काही दिवस घेतं आणि पिकलं की दोन दिवसांत हातचं जातं. ज्या दिवशी माल नीट पिकलेला नसतो त्या दिवशी ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकॅडोची चटणी, एकतर कडवट लागतं किंवा दह्यात लपवलेलं असतं.

शनिवार-रविवारी साडेआठ ते साडेनऊ ही आपल्याकडची जेवायला बाहेर पडण्याची वेळ. त्यामुळं छोट्या हॉटेलात सव्वासातला पोचलात तर तवा तुमच्या एकट्याचा असतो. संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, होम मैदान आणि पार्क चौकाच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी तर त्या भागातलं हॉटेल ठरवूच नका, जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडचं बघा. मे महिन्यात आणखी एक काळजी घ्या. उघडं स्वयंपाकघर दिसायला छान, पण बाहेर चाळीसच्या वर पारा असताना तव्याजवळचं टेबल नको म्हणून आधीच सांगा.

आधी पोळी ओळखा

मक्याच्या टॉर्टियाचं गुपित चुन्यात आहे. पानाला लावतो तोच खायचा चुना. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, दुसऱ्या दिवशी चोळून धुतात आणि ओलेच दळतात. चुन्यामुळं दाण्याची साल सुटते आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं तेही याच प्रक्रियेमुळं. युरोपात मका गेला पण चुना मागंच राहिला, आणि जिथं गरीब माणूस नुसत्या मक्यावर जगत होता तिथं पेलाग्रा नावाचा आजार पसरला. बाजारातल्या साध्या मक्याच्या पिठात ही प्रक्रिया झालेली नसते. म्हणून त्याचा टॉर्टिया घडी घातली की मधोमध तुटतो.

पहिला टाको, म्हणजे सारण घातलेली छोटी पोळी, आला की सारण बाजूला ठेवून पोळीकडं बघा.

चांगली पोळी तळहाताएवढी असते, १२ ते १५ सेंटिमीटर. तिच्यावर भाकरीसारखे तपकिरी डाग असतात, पण ते एकसारखे नसतात. वास उकडलेल्या कणसाचा आणि किंचित ओल्या मातीचा येतो. दोन बोटांनी दुमडली तर चीर जात नाही. दुमडताना तुटली तर तिची दोनच कारणं असतात. पीठ बिनचुन्याचं असेल, नाहीतर पोळी करून बराच वेळ झाला असेल. दुसरं कारण असेल तर "जरा गरम करून द्या" एवढ्यानं काम होतं. पहिल्याला इलाज नाही. मग पुढची फेरी मैद्याच्या पोळीची मागवा, त्यात कमीपणा काही नाही. उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो आणि तिथं मैद्याची पोळी जास्त चालते.

पाकिटातली पोळी वर्तुळ काढल्यासारखी गोल असते, डाग नसतात आणि जवळ धरली की बारीक आंबूस वास येतो. ती चालते, फक्त तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

हल्ली शहरांतल्या हौशी हॉटेलांत ज्वारीचा टाकोही दिसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पाटीवर तिचं नाव झळकलं तर नवल नाही. चव छान लागते, पण ज्वारीत चिकटपणा नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गरम आहे तोवर वळते, थंड झाली की मोडते. ज्वारीचा टाको आला की बोलणं थांबवून आधी तो संपवावा. खरं तर ज्वारीला शोभतो तो तोस्तादा. कुरकुरीत सपाट पोळी आणि तिच्यावर सारण. आपली कडक भाकरी डोळ्यांपुढं आणा.

सगळं एकदम मागवू नका

घरचे सगळे जमले की आपण पाच-सहा पदार्थ एकदम सांगतो, ते टेबलाच्या मधोमध येतात आणि ज्याला जे हवं ते तो घेतो. पंजाबी जेवणाला ही पद्धत चालते, कारण भाजी वीस मिनिटांनीही भाजीच असते. टाकोचं तसं नाही. छोट्या हॉटेलाच्या तव्यावर एका वेळी आठ-दहा पोळ्या बसतात. तुम्ही बारा टाको एकदम सांगितले तर शेवटचे दोन तयार होईपर्यंत पहिले थंड झालेले असतात. पोळीतला स्टार्च थंड होताना आवळतो, म्हणून ती चिवट होते, वरून सारणाचं पाणी मुरतं, आणि उचलायला जावं तर तळ फाटून सगळं ताटात.

चार माणसांसाठी आमचा हिशेब असा.

पहिली फेरी: मक्याचे चिप्स, दोन प्रकारचे साल्से, म्हणजे मेक्सिकन चटण्या, आणि एक ग्वाकामोले. याच वेळी पेय सांगा. साल्सा चाखून हॉटेलचा तिखटपणा कळतो.

दुसरी फेरी: दोन वेगवेगळ्या टाकोंच्या दोन प्लेटी. प्लेटीत किती नग येतात ते आधी विचारा. कुठं दोन असतात, कुठं तीन. तीन असतील तर सहा टाको झाले, म्हणजे प्रत्येकाला एक आणि वर दोन. टाको मधून कापून वाटायचा नाही, तो अर्धा झाला की सांडलाच.

तिसरी फेरी: त्यातला जो जास्त आवडला त्याच्या आणखी दोन प्लेटी. दुसरी फेरी निम्मी संपली की ही सांगून ठेवा, म्हणजे मधे खोळंबा होत नाही.

चौथी, भूक असेल तरच: एक केसाडिया किंवा एंचिलाडाची एक प्लेट चौघांत.

मोठ्या माणसाला तीन टाको पुरतात. जास्त खाणाऱ्याला चार. सोबत नाचोजची मोठी प्लेट घेतलीत तर प्रत्येकाचा एक टाको कमी धरा. वाढणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, "दादा, थोडं थोडं मागवणार आहोत, एकदम आणू नका." छोट्या हॉटेलात हे त्यांनाही सोयीचं पडतं.

पाटीवरची नावं

उच्चाराची फार चिंता करू नका. स्पॅनिशमध्ये दोन एल आले की त्यांचा य होतो आणि जे असेल तर ह, म्हणून टॉर्टिया, केसाडिया, फाहिता, हालापिनो. "फजिता" म्हणालात तरी आणून देतात.

टाको म्हणजे छोट्या पोळीवर सारण, कांदा, कोथिंबीर, लिंबू. कडक, इंग्रजी यू आकाराचं कवच असलेला टाको अमेरिकेत रुळलेला आहे, मेक्सिकोत पोळी सहसा मऊच असते. बुरिटो म्हणजे मैद्याच्या मोठ्या पोळीत भात, राजमा, चीज गुंडाळलेलं. एकटा खाणार असाल तर तेवढा एकच पुरे. केसाडिया ही चीज भरून तव्यावर भाजलेली घडीची पोळी, लहान मुलांसाठी सगळ्यात बिनधोक. एंचिलाडा म्हणजे पोळीच्या सुरळ्या मिरचीच्या रश्शात भिजवलेल्या, काट्यानं खायच्या. फाहिता हा टेक्सासकडचा प्रकार, तो चरचरत्या तव्यासकट येतो. वाफ आणि लोखंड दोन्हींपासून मुलांचे हात लांब ठेवा.

नाचोज मेक्सिकोतच जन्मले, पण अमेरिकेच्या सीमेला चिकटलेल्या पिएद्रास नेग्रास या गावात. १९४३ साली इग्नासिओ अनाया या हॉटेलवाल्यानं हाताशी होतं त्यावर ती प्लेट केली असं सांगतात. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो, त्यावरून हे नाव. नाचोजची मोठी तक्रार म्हणजे खालचे चिप्स लगदा होणं. राजमा आणि साल्सा यांचं पाणी खाली उतरतं. म्हणून "साल्सा आणि क्रीम वेगळ्या वाटीत द्या, चीज दोन थरांत घाला" असं सांगा. तरीही दहा मिनिटांच्या आत संपवा.

पाटीवर मोले दिसला तर मात्र सोडू नका. वाळक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मसाले भाजून वाटलेला घट्ट रस्सा. पुएब्ला भागातल्या प्रसिद्ध मोलेत थोडं चॉकलेटही पडतं. तीळ-शेंगदाण्याच्या वाटणानं रस्सा धरायचा ही युक्ती आपल्या ओळखीची, त्यामुळं सोलापूरच्या जिभेला तो लगेच पटतो. करायला वेळ लागतो, म्हणून फोनवरच विचारलेलं बरं.

पुएब्लाचाच आणखी एक पदार्थ, चिलेस एन नोगादा. भरलेली मोठी मिरची, तिच्यावर अक्रोडाचा पांढरा रस्सा आणि डाळिंबाचे दाणे. हिरवा, पांढरा, लाल, म्हणजे त्यांच्या झेंड्याचे रंग. तिकडं तो स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सप्टेंबरमध्ये करतात. सोलापुरात हा कुणी करत असेल तर डाळिंबाची ददात नाही, सांगोला आहेच.

साल्सा आणि तिखटाचा माज

"आपण सोलापूरचे, आपल्याला काय तिखट लागणार" हा माज हालापिनो मिरचीपुढं टिकतो. तिचं तिखट स्कोव्हिल मापावर २,५०० ते ८,००० भरतं, म्हणजे आपल्या लवंगी मिरचीपुढं अगदीच साधी. चिपोत्ले म्हणजे तीच मिरची पिकवून धुरावर वाळवलेली. हाबानेरोपुढं मात्र माज चालत नाही. १,००,००० ते ३,५०,०००. शिवाय ती फसवी असते. आधी फळासारखा गोड वास येतो, काही क्षण काहीच होत नाही, आणि मग घशात आग लागते. चिप्सच्या टोकावर एक थेंब घेऊन अर्धा मिनिट थांबा, मगच टाकोवर घाला.

तिखट लागलं तर पाणी किंवा सोडा पिऊ नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. आंबट क्रीम, दही, ताक, दूध यांतली चरबी आणि प्रथिनं ते उचलून नेतात.

पिको दे गायो ही टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबाची कोशिंबीर. ती ताजी आहे का हे वाटीच्या तळाशी कळतं. बोटभर पाणी साचलं असेल तर सकाळची. हिरवा साल्सा खरा तोमातियोचा, हे कागदी आवरणातलं आंबट फळ आपल्या बाजारात सहसा नसतं. त्याऐवजी कच्चे टोमॅटो वापरतात आणि वरून लिंबू पिळतात. चव जवळपास येते.

साल्सा माचा हे नाव दिसलं तर आधी तो मागवा. वाळक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, तीळ तेलात तळून जाडसर वाटलेले. आपल्या शेंगा चटणीचा तेलातला चुलतभाऊच. एका टाकोवर एक छोटा चमचा पुरे, दोन झाले की बाकी काही लागत नाही.

ग्वाकामोलेत ॲव्होकॅडो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ एवढंच असतं. त्यात गुठळ्या दिसल्या पाहिजेत. क्रीमसारखं गुळगुळीत, फिकं आणि आंबट असेल तर दही किंवा मेयोनीज मिसळलेलं आहे. वरचा थर तपकिरी झाला असेल तर ते खराब नसतं, कापलेल्या सफरचंदासारखं हवेनं काळवंडलेलं असतं. पण मग ते ताजं केलेलंही नसतं.

शाकाहारी, उपवास, कांदा-लसूण

मेक्सिकोत वाटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी सर्रास असतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तेल आणि साधं पाणीच वापरतात, तरी हॉटेल मांसाहारीही असेल तर "राजमा कशात परतता, भात कशात शिजवता" हे विचारावं. तवा वेगळा आहे का हेही. एकच तवा असेल तर चिकन भाजल्यावर पुसून त्याच्यावरच तुमची पोळी पडते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पूर्ण शाकाहारी हॉटेलच निवडावं, नंतर वाद घालण्यात अर्थ नाही.

अंडं लपून बसतं ते चिपोत्ले मेयोनीजमध्ये आणि गोडाच्या पदार्थांत. त्रेस लेचेस हा तीन दुधांत भिजवलेला केक आणि फ्लान, या दोन्हींत ते नेहमीचंच. चुरोसचं मूळ पीठ मैदा, पाणी, मीठ, पण काही जण अंडं घालतात. कांदा-लसूण नको असेल तर साल्सा तयार असतो म्हणून तो बदलून मिळत नाही. "टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू ताजं कापून द्या" एवढं सांगितलं तर जमतं. उपवास असेल तर बेत दुसऱ्या दिवशी करा.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. बाहा कॅलिफोर्नियाकडचा फिश टाको बिनकाट्याच्या तुकड्याचा असतो. उजनीची चिलापी चवीला उत्तम, पण काटे नीट काढलेत का ते विचारा. पोळीच्या आत काटा दिसत नाही.

जाता जाता, ज्वारी-मक्यावरची काणी शेतकऱ्याला नकोशी, पण मेक्सिकोत कणसावरची ती काळी बुरशी उइतलाकोचे या नावानं मेजवानी म्हणून खातात. आपल्याकडच्या मेन्यूत ती अजून तरी नाही.

खायचं कसं

काटा-चमचा बाजूला ठेवा. लिंबू आधी पिळा, मग साल्सा, तोही मधल्या रेषेत. पोळी अंगठा आणि दोन बोटांत अर्धी दुमडून धरा, दुसऱ्या बोटांनी मागचं टोक किंचित वर उचला, म्हणजे रस मागून गळत नाही. टाको आडवाच ठेवायचा, मान वाकडी करायची ती आपण. ताटावर झुकून खा. एका टाकोला दोन पोळ्या आल्या तर ती चूक नव्हे. खालची पोळी सांडलेलं सारण उचलायला असते.

पेय आणि बिल

पेयांत आगुआ दे हामाइका मागवा. लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड सरबत, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ज्याची भाजी होते तो गोंगुरा हाच. चिंचेचं सरबतही मेक्सिकोत घरोघर चालतं. ओर्चाता हे भिजवलेले तांदूळ आणि दालचिनीचं दुधाळ पेय तिखटावर चांगलं. मद्य हवं असेल तर परवाना आहे का ते फोनवरच विचारा.

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के लागतो, २.५ केंद्राचा आणि २.५ राज्याचा. म्हणजे १,६०० रुपयांच्या जेवणावर ८० रुपये, एकूण १,६८०. लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेतलं हॉटेल असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी क्रमांक आहे का तेही पाहा. सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही, तशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती कायम केली. जोडलं असेल तर शांतपणे काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वाढणाऱ्या पोरानं चार फेऱ्या नीट सांभाळल्या असतील तर त्याच्या हातावर काही ठेवावं, तो भाग वेगळा.

बांधून न्यायचं असेल तर

नाचोज, कडक टाको आणि एंचिलाडा घरी नेऊ नका, वाटेतच त्यांचं मातेरं होतं. बुरिटो आणि केसाडिया टिकतात. टाको हवेच असतील तर पोळ्या, सारण आणि साल्सा वेगवेगळं बांधून घ्या. घरी लोखंडी तवा कडकडीत तापवा, तेल न लावता प्रत्येक पोळी दोन्ही बाजूंनी वीस-तीस सेकंद भाजा आणि लगेच सुती फडक्यात गुंडाळा, भाकरीच्या टोपल्यात ठेवतो तशा. मायक्रोवेव्हमध्ये घातल्या तर दोन मिनिटांत चामड्यासारख्या होतात. केसाडियाही तव्यावरच, मंद आचेवर, झाकण न ठेवता.

ग्वाकामोले उरलं तर तिथंच संपवा. लाल साल्सा फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. सकाळी कडक भाकरी चुरून त्यावर तो आणि थोडं दही घाला, पण भाकरी मऊ पडायच्या आत खाऊन टाका.